देव आमचा, सातबारा तुमचा

वाचकाचं पत्र

वकीलताई, नमस्कार.

मी 63 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. नागपुरातच राहते. काटोल रस्त्याच्या बाजूला आमचं सात एकर वडिलोपार्जित वावर आहे. बाबा गेल्यावर ते आम्हा चौघांच्या, म्हणजे तीन भाऊ आणि मी, यांच्या नावावर सामाईक चढलं. संत्र्याची बाग कधीच वाळली. आता चहूकडे लेआउट पडलेत आणि एका लेआउटवाल्याने चांगला भाव सांगितला आहे. भावांना विकायचं आहे. त्यांच्या गरजा खऱ्या आहेत, मी त्यांना अडवणार नाही.

पण वावराच्या वरच्या टोकाला एकरभर जागा आहे, ती आमच्या आजोबांनीही कधी नांगरली नाही. तिथे साजाचं एक जुनं झाड आहे, मोहाची चार झाडं आहेत, बुंध्याशी मातीचे घोडे ठेवलेले असतात. पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, गोंड मंडळी वर्षातून दोन-तीनदा येतात, ढोल वाजवतात, गोंगो म्हणजे त्यांची पूजा करतात. त्या दिवशी आमची आजी पाण्याचा रांजण भरून ठेवायची, तेवढाच आमचा संबंध. तिथेच मोठमोठ्या दगडांचं एक गोल आहे, लहानपणी आम्ही त्यात खेळायचो.

मागच्या महिन्यात टोल्यावरच्या एक आजी भेटल्या. म्हणाल्या, "बाई, देव तं आमचा हाये, पण सातबारा तुमचा हाये. तुमी सांगान तसं." तेव्हापासून मला झोप नाही.

माझा मुलगा अमेरिकेत आहे. तो म्हणतो, तिकडे 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' करतात. जमीन आपलीच राहते, पण तिच्यावर कधीच बांधकाम होणार नाही असं कायमचं लिहून देता येतं. आपल्याकडे असं होईल का? लेआउटवाला म्हणतो, "मॅडम, देवाला आम्ही धक्का लावणार नाही, उलट छान मंदिर बांधून देऊ." भाऊ म्हणतात, आणखी काय पाहिजे?

— एक वाचक, नागपूर

उत्तर

ताई,

आधी लेआउटवाल्याच्या शब्दाबद्दल बोलते. तसाच शब्द मी स्वतः ऐकला आहे आणि तो पाळलेलाही पाहिला आहे.

माझं आजोळ उमरेडच्या पलीकडे. मामांनी बोडीलगतचं, म्हणजे लहान तळ्यालगतचं, तीन एकर विकलं तेव्हा मला वकिली सुरू करून सहा वर्षं झाली होती. बोडीच्या काठावर चिंचेखाली मातामाय होती. घेणारा म्हणाला, मातामायला हात लावणार नाही. खरेदीखत मीच वाचलं. चतुःसीमा तपासल्या, गट क्रमांक तपासला, आणि मातामायबद्दल एक ओळही घातली नाही, कारण माणसाने शब्द दिला होता. त्याने तो पाळला. मातामायला ओटा बांधला, फरशी लावली, वर पत्र्याचं शेड टाकलं, लोखंडी दार बसवलं. चिंचेच्या बुंध्याला भिडवून सिमेंटचा गोल ओटा केला, आणि तीन उन्हाळ्यांत चिंच वाळली. आधी गावातल्या बाया पोर तापाने फणफणलं की पहाटे दहीभात घेऊन यायच्या. आता गेटवरचा माणूस त्यांना विचारू लागला, "कोणाकडे जायचं?" त्याच्याकडे प्लॉटधारकांची यादी होती. त्या यादीत या बायांची नावं नव्हती. मातामाय आजही आहे. तिच्याकडे येणाऱ्या बाया मात्र येत नाहीत.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते. 'ती जागा कशी वाचवू' असं तुम्ही विचारलंत. मला विचारावंसं वाटतं ते असं: उद्या त्या जागेबाबत कोणी काही करायला निघालं, तर 'नाही' म्हणायचा हक्क कोणाकडे असेल? मालकाच्या चांगुलपणावर उभी असलेली जागा मालक बदलला की संपते. ती टिकते ती मालकाखेरीज दुसऱ्या कोणाचा तरी हक्क तिच्यावर असतो म्हणून.

तुमचा मुलगा सांगतो त्या अमेरिकी पद्धतीचं मर्मही हेच आहे. तिथे मालक जमीन स्वतःकडे ठेवतो, पण मालकीच्या जुडीतले काही हक्क, म्हणजे बांधकाम करणं, प्लॉट पाडणं, खाण काढणं, सोडून देतो. ते सोडलेले हक्क राखायचं काम तो एखाद्या भूमी न्यासाला किंवा सरकारी संस्थेला देतो. दस्त नोंदवला जातो आणि पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला बांधतो. न्यासाची माणसं साधारण दरवर्षी जागेवर जाऊन पाहणी करतात, काही बिघडलं असेल तर कोर्टात जातात. मालकाला करात सवलत मिळते, म्हणून ही पद्धत तिकडे इतकी फोफावली. पण त्यातलं एक उदाहरण तुमच्या कामाचं आहे. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला रेडवूडच्या जंगलातली 523 एकर जमीन एका संवर्धन संस्थेने घेतली होती. ती जमीन या संस्थेने दहा आदिवासी जमातींच्या सिंकियोन परिषदेला देऊन टाकली, आणि 2022 च्या जानेवारीत ते जाहीर झालं. परिषदेने उलट त्या संस्थेला ईझमेंट लिहून दिलं. म्हणजे जमीन ज्यांच्या पूर्वजांची होती त्यांच्याकडे गेली, आणि राखणीचा हक्क संस्थेकडे राहिला. दोघांनी एकमेकांना बांधून घेतलं. मला ही रचना फार आवडते, कारण तिच्यात कोणी कोणावर उपकार केलेला नाही.

आता आपल्याकडचं पाहू. आपला ईझमेंटचा कायदा 1882 चा, सुविधाधिकार अधिनियम. तो सुरुवातीला मोजक्याच प्रांतांना लागू झाला, त्यांत आपला मध्य प्रांत होता. मुंबई इलाख्यात तो नंतर गेला. लोक त्याला वहिवाटीचा कायदा म्हणून ओळखतात. त्यात सुविधाधिकार हा माणसाला नसतो, जमिनीला असतो. एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर हक्क लागतो. शेजारी ज्याची जमीनच नाही अशा संस्थेच्या नावाने 'इथे कायम बांधकाम नको' असा सुविधाधिकार निर्माण करता येत नाही. म्हणून मुलाला सांगा, तिकडचा नमुना जसाच्या तसा इथे चालणार नाही.

पण त्याच कायद्याच्या अगदी सुरुवातीला, कलम 2 मध्ये, एक गोष्ट शाबूत ठेवली आहे. जनतेचे किंवा कोणाही व्यक्तीचे जमिनीवरचे जे रूढीने आलेले हक्क आहेत, आणि ज्यांच्यासाठी स्वतःची दुसरी जमीन असावी लागत नाही, त्यांना हा कायदा धक्का लावत नाही. टोल्यावरची माणसं तुमच्या आजोबांच्याही आधीपासून तिथे येत असतील, खंड न पडता, उघडपणे, कोणाची परवानगी न मागता, तर त्यांच्याकडे हक्क असण्याची दाट शक्यता आहे. कोर्ट रूढी जुनी आहे का, निश्चित आहे का, वाजवी आहे का, अखंड आहे का, हे पाहतं. तुमच्या पत्रातल्या तीन ओळींवरून तरी चारही गोष्टी दिसतात.

म्हणजे तुम्ही त्यांना काही द्यायचं आहे असं समजू नका. त्यांचं जे आहे ते कागदावर आणायचं आहे.

यात एक शब्द फार जपायचा, ताई. तुमच्या भावांनी चांगल्या मनाने लिहून दिलं की 'आम्ही टोल्यावरच्या लोकांना पूजेस येण्याची परवानगी देत आहोत', तर घात होईल. परवानगी म्हणजे कायद्याच्या भाषेत अनुज्ञप्ती. ती देणारा काढून घेऊ शकतो, आणि त्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे जमीन विकली गेली की नवा मालक त्या परवानगीला बांधील राहत नाही. शंभर वर्षांचा हक्क एका सौजन्याच्या वाक्याने परवानगीवर उतरतो. मसुदा करणारे हा शब्द सवयीने घालतात. तुम्ही तो खोडून घ्या, आणि लिहा: 'या जागेत येण्याचा, गोंगो करण्याचा व जागा राखण्याचा त्यांचा पूर्वापार हक्क आम्ही मान्य करतो.'

पुरावा कुठे शोधायचा? विदर्भात आपल्याकडे एक कागद आहे, जो राज्याच्या इतर भागांत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं एक अख्खं प्रकरण फक्त विदर्भाला लागू आहे. त्यात निस्तार पत्रक येतं आणि कलम 165 चा वाजिब-उल-अर्ज येतो. निस्तार पत्रक गावाच्या सरकारी पडीत जमिनीबद्दल असतं: चराई, सरपण, दफनाची जागा वगैरे. वाजिब-उल-अर्जमध्ये खासगी जमिनीवरच्या गावच्या रूढी नोंदवतात, म्हणजे पाणी, मासेमारी, येण्याजाण्याची वाट आणि इतर सुविधाधिकार. ही पद्धत मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या गावमालकांच्या, काळापासूनची. तहसील कार्यालयात आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात दोन्हींच्या नकलांसाठी अर्ज करा, आणि जुन्या बंदोबस्ताचे कागदही मागा. देवाची नोंद असेलच असं नाही. पण टोल्याकडून येणारी वाट कुठेतरी सापडण्याची शक्यता बरी आहे, आणि वाट सापडली की ती कुठे जात होती हे सांगावंच लागतं.

हा कागद शोधताना आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. 1860 च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात जमाबंदी केली तेव्हा मालकी मालगुजारांच्या नावे लिहिली. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तरी कागदाला कागद जोडत आजचे सातबारे झाले. ज्यांचा देव तिथे होता त्यांना यातल्या एकाही टप्प्यावर कोणी विचारलं नसावं. हे नागपूर वसवणारा राजा बख्त बुलंद शाह गोंड होता, आणि शहराच्या वेशीवर गोंडांच्या देवाला सातबाऱ्यावर जागा नाही. तुमच्या आजोबांनी कोणाचं ओरबाडलं असं मी म्हणत नाही. उलट त्यांनी ती जागा नांगरली नाही, तुमच्या आजीने रांजण भरला. पण आजींच्या त्या वाक्यात, 'तुमी सांगान तसं' यात, अदबीइतकीच सवयीने घेतलेली माघार आहे. तुमची झोप त्यामुळेच उडाली असावी.

आता भावांचं. त्यांना त्याग करा म्हणू नका. सात एकर चौघांत म्हणजे प्रत्येकाला 70 गुंठे. देवाची जागा 40 गुंठे आहे. ती तुमच्या वाट्यात मागून घ्या. उरलेले 30 गुंठे तुम्ही त्यांच्यासोबत विका. पैशाने तुमचं नुकसान होईल, मोठं होईल, आणि ते मी लपवत नाही. पण दुसऱ्याच्या खिशातून देवाची जागा राखायला गेलं की घरात जी कटुता येते ती पिढ्यानपिढ्या पुरते. तुम्ही स्वतःच्या वाट्यातून घेतलंत तर भावांना हरकत घ्यायला जागाच राहत नाही. सगळ्यांची सहमती असेल तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटणी होते. तुकडेबंदीत काही अडसर येतो का ते अर्जाआधीच विचारून घ्या. आणि हे सगळं बयाणा घेण्याआधी. इसारपत्रावर चौघांच्या सह्या झाल्या की माझ्यासारखीच्या हातात फार थोडं उरतं.

वाटणी झाली की खरी किल्ली हाती येते. मघाशी म्हटलं की सुविधाधिकाराला दोन जमिनी लागतात. आता तुमच्याकडे दोन जमिनी असतील: वरचा देवाचा एकर, आणि खालचे सहा एकर. भावांनी विकण्यापूर्वी त्या सहा एकरांवर देवाच्या एकराच्या लाभात दोन गोष्टी नोंदणीकृत दस्ताने लिहून द्यायच्या. एक, टोल्यापासून देवापर्यंतची वाट, रुंदीसकट, बारमाही, दिवसरात्र, ढोल-वाजंत्रीसह. दोन, देवाच्या हद्दीला लागून काही फूट पट्टा, जिथे बांधकाम, बोअर किंवा खोल खोदकाम होणार नाही, कारण साजाची मुळं धुऱ्यापाशी थांबत नाहीत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 11 आणि कलम 40 अशा बंधनांना वाव देतं. ज्याला बंधनाची माहिती आहे असा खरेदीदार त्याने बांधला जातो, आणि नोंदलेला दस्त म्हणजे माहिती असल्यासारखंच. मग फेरफार घालून सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात नोंद आणा. त्या रकान्यात बहुतेक वेळा बँकेचा बोजा असतो. तिथे देवाची वाट लिहिलेली मला पाहायची आहे.

वाटेवर मी एवढा जोर देते त्याचं कारण मातामायने शिकवलं आहे. जागा सहसा कोणी गिळत नाही, लोक वाट बंद करतात. पांदण नांगरली जाते, तिथे कंपाउंड येतं, पुढे गेट येतं, आणि कोणी 'देव बंद केला' असं म्हणतसुद्धा नाही. मंजूर होणाऱ्या लेआउटच्या नकाशात ही वाट रस्ता म्हणून दाखवलेली असलीच पाहिजे. महानगर प्राधिकरणाकडे नकाशा जाण्याआधी तो तुम्ही डोळ्यांनी पाहा.

लेआउटवाला दुसरी एक सोय सुचवेल. देवाची जागा लेआउटच्या मोकळ्या जागेत घेऊ, दहा टक्के सोडावीच लागते. नको म्हणा. मोकळी जागा प्लॉटधारकांची होते. त्यांची समिती होते, त्यांना बाग हवी असते, पोरांना घसरगुंडी हवी असते, आणि मग कोणीतरी भाविकपणे आपल्या ओळखीचा देव आणून साजाखाली बसवतो. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण पाच वर्षांनी टोल्यावरची माणसं ढोल घेऊन आली की तीच परकी ठरतात. 'छान मंदिर बांधून देऊ' यालाही तुमचं उत्तर ठाम असू द्या. तिथला देव झाडात आहे. त्याला छप्पर नको आहे.

त्या एकराचं पुढे काय? तुमच्या नावावर ठेवून तुम्ही सांभाळाल, पण तुमच्यानंतर? इथे सार्वजनिक न्यास कामाला येतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाची स्थावर मालमत्ता त्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, बिगरशेतीसाठी तीन वर्षांहून जास्त भाड्याने देता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 36 तेच सांगतं. अमेरिकेतल्या त्या कायमच्या बंधनाच्या सगळ्यात जवळ जाणारं कुलूप आपल्याकडे हे आहे. मात्र शेतजमीन न्यासाच्या नावे करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल आणि तिला वेळ लागतो. तोवर एकर तुमच्या नावे ठेवा, आणि मृत्युपत्र आजच करा.

न्यासात कोण असेल यावर सगळं अवलंबून आहे. बहुसंख्य विश्वस्त टोल्यावरचे हवेत, त्यांत भूमकाच्या, म्हणजे गोंडांच्या पुजाऱ्याच्या, घरातलं एक माणूस आणि किमान दोन बाया. तुमच्या कुटुंबाची एकच जागा, आणि तीही 'नाही' म्हणण्यापुरती: विक्री, पक्कं बांधकाम, झाडतोड. उद्देशात 'मंदिर उभारणे व विकास करणे' ही छापील ओळ येऊ देऊ नका. 'जागा आहे तशी राखणे' एवढंच पुरे. बारीक गोष्टी नियमांत लिहा: बुंध्याभोवती सिमेंट नाही, वाळलेली फांदी कोण नेणार, मोहफुलं कोण वेचणार. आज मोहफुलं कोण वेचतं हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर विचारा. जो वेचतो तोच त्या जागेचा खरा राखणदार असतो, सातबारा काहीही म्हणो. आणि वर्षातून एकदा, गोंगोच्याच दिवशी, दोघांनी मिळून जागा फिरून एका वहीत चार ओळी लिहायच्या, फोटो लावायचे, सह्या किंवा अंगठे घ्यायचे. पुढे कधी कोर्टात जावं लागलं तर ती वही कोणत्याही वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त बोलेल.

दगडांच्या गोलाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथे थांबले. काटोल रस्त्यावरच जुनापाणी आहे, तिथे अशी सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांची ती दफनं. 1879 साली रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या भागातल्या वर्तुळांबद्दल लिहिलं, आणि त्यांतल्या काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगेही दिसतात. तुमचं वर्तुळ तसलंच असेल तर त्या एकराला आणखी एक आधार मिळतो. पुरातत्त्वाच्या कायद्यात स्मारकाच्या मालकाशी करार करायची सोय आहे: मालकी मालकाचीच, पण वापरावर बंधन, पाहायला येणाऱ्यांना वाट, आणि विकण्याआधी सरकारला सूचना. 1904 च्या कायद्यातही ती सोय होती, म्हणजे मुलाला सांगण्यासारखी आपली स्वतःची ईझमेंटसारखी गोष्ट इथे फार आधीपासून आहे. पण करार सहसा कायमचा नसतो, आणि जागा राष्ट्रीय महत्त्वाची ठरली तर भोवती 100 मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित येतात. त्याचा फटका भावांच्या व्यवहाराला बसेल. म्हणून पुरातत्त्व विभागाला कळवा, पण भावांना आणि टोल्याला सांगून, लपूनछपून नाही. तोवर गोलातला एक दगडही जेसीबीने सरकवू देऊ नका.

लोक तुम्हाला आणखी बरंच सुचवतील. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण देतील. ते गाव आपल्या विदर्भाचा अभिमान आहे. त्याने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, 2013 मध्ये सगळी शेतजमीन ग्रामदानात आणायचं ठरवलं. पण वनहक्क कायदा वनजमिनीला लागतो, तुमचं वावर खासगी शेत आहे. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, तोही लागत नाही, नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. वन्यजीव कायद्यातलं सामुदायिक राखीव क्षेत्र, कलम 36-सी (36C), मात्र वाचून ठेवा. खासगी मालकाने स्वतःहून पुढे येऊन दिलेल्या जमिनीवर ते जाहीर होऊ शकतं, त्याच्या उद्देशात पारंपरिक आणि सांस्कृतिक संवर्धनमूल्यंही लिहिलेली आहेत, आणि नंतर जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मंजुरी लागते. एका एकरासाठी ते जड पडेल. टोल्यालगत आणखी रान असेल आणि लोकांची इच्छा असेल, तर पुढचा विचार म्हणून ठेवा. ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत साजा आणि मोहाची नोंद मात्र या महिन्यातच करून घ्या.

आणि हे सगळं करण्याआधी टोल्यावर जा. मसुदा घेऊन नाही, रिकाम्या हातांनी. त्यांना न्यास हवा आहे का? जागेचा कोणता भाग नकाशावर येऊ नये असं त्यांना वाटतं? एखादा कोपरा असा असेल की जिथे बाहेरच्याने पाऊल टाकायचं नसतं, आणि तो तुम्हाला साठ वर्षांत कोणी सांगितलेला नसेल. ते काही सांगतील, काही नाही सांगणार. जे सांगणार नाहीत ते विचारू नका. त्यांनी स्वतःचा वकील आणला तर आनंद माना. विक्रीची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली की त्यांना हरकत घेता येते हेही तुम्हीच त्यांना सांगा. भावांना हे आवडणार नाही. त्यांना समजावा की हरकत आत्ताच मिटली तर व्यवहार स्वच्छ होईल, आणि लेआउटवाल्यालाही तेच हवं आहे.

भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज लगेच टाका, पाऊस लागला की मोजणीदार वावरात उतरत नाहीत. मोजणीच्या नकाशाच्या 'क' प्रतीवर देवाचा एकर, दगडांचा गोल आणि वाट, तिन्ही यायला हवेत. मोजणीच्या दिवशी त्या आजींना घ्यायला सकाळी स्वतः जा. पाण्याचा रांजण भरून ठेवा. वाट कुठून जाते ते त्यांना चालून दाखवू द्या, आणि मोजणीदाराला सांगा, यांच्या मागून चाला.